फेरशिक्षेनंतरचं अपील: आता भांडायचं ते शिक्षेवर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१७ साली सातपूरच्या बाजूला झालेल्या मारामारीत तुमच्या धाकट्या भावावर कलम ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. सात महिन्यांनी तो जामिनावर सुटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टाने त्याला दोषी धरून १० वर्षं सक्तमजुरी दिली, आणि तेव्हापासून तो नाशिकरोड कारागृहात आहे. मुंबई उच्च न्यायालयातल्या अपिलात दोषसिद्धी कायम राहिली, पण शिक्षेच्या मुद्द्यावर त्याचं म्हणणं नीट ऐकलंच नव्हतं म्हणून शिक्षा रद्द झाली आणि तेवढ्या मुद्द्यापुरतं प्रकरण नाशिकला परत आलं. आता सेशन्स कोर्टाने पुन्हा सुनावणी घेऊन ८ वर्षं सक्तमजुरी, २५,००० रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी ६ महिने कैद, अशी शिक्षा दिली आहे. पुन्हा अपील करता येतं का, त्यात तो निर्दोष सुटेल का, शिक्षा उलट वाढली तर काय आणि तोवर जामीन मिळेल का, असं तुम्ही विचारता.

अपील करता येतं. तो त्याचा हक्क आहे, कुणाची परवानगी लागत नाही. सेशन्स कोर्टाने दिलेली शिक्षा पहिल्या फेरीतली असो की प्रकरण परत आल्यानंतरची, तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७४ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४१५ आहे. अर्जाच्या मथळ्यावर दोन्ही कलमं लिहिली तरी काही बिघडत नाही, कलमाचा आकडा चुकला म्हणून कुणाचं अपील फेटाळलं जात नाही. मुदत मात्र पक्की आहे: शिक्षेच्या आदेशापासून ६० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात.

पण या अपिलात भांडायचं काय, हे पहिल्या अपिलापेक्षा फार वेगळं असतं, आणि घरच्या मंडळींची गल्लत नेमकी इथेच होते. पहिलं अपील घटनेबद्दल होतं. हे माणसाबद्दल आहे. हा माणूस कोण, त्याने आत किती वर्षं काढली, तिथे तो कसा वागला, बाहेर आला तर कुठे जाणार, आणि हे सगळं पाहता ८ वर्षं जास्त होतात की नाही, एवढाच प्रश्न आता शिल्लक आहे. तुमच्या पत्रात दोन पानं साक्षीदार कसे खोटे बोलले यावर आहेत आणि भावाच्या तुरुंगातल्या वागणुकीवर एक ओळ. अपिलाच्या मेमोत, म्हणजे अर्जात, हे प्रमाण उलटं झालं पाहिजे.

आधी उच्च न्यायालयाच्या निकालाचं शेवटचं पान समोर घ्या. अख्ख्या निकालात तुमच्यासाठी ते सर्वांत महत्त्वाचं. तिथे साधारण चार वाक्यं असतील: अपील अंशतः मंजूर, दोषसिद्धी कायम, शिक्षेचा आदेश रद्द, आणि आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून कायद्यानुसार नव्याने आदेश करण्यासाठी प्रकरण परत. ‘दोषसिद्धी कायम’ असं लिहिलं असेल तर तो दोषी आहे की नाही हा मुद्दा उच्च न्यायालयापुरता संपला. चौथ्या वाक्यात काही खास सूचना आहेत का तेही बघा. कधी कारागृहाचा अहवाल मागवायला सांगितलेलं असतं, कधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा, कधी अमुक महिन्यांत निकाली काढा असं बजावलेलं असतं. खालच्या कोर्टाने त्यातली एखादी सूचना पाळली नसेल, तर तोच तुमच्या नव्या अपिलाचा पहिला मुद्दा.

शेवटच्या पानावर वेगळं काही असेल तर हिशेब बदलतो. दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला असेल, तर नंतरचा निकाल संपूर्ण नवा असतो आणि त्यावरच्या अपिलात पुराव्यासकट सगळं खुलं राहतं. खुनाचं कलम ३०२ काढून सदोष मनुष्यवधाचं ३०४ भाग दोन लावलं आणि फक्त शिक्षा ठरवायला परत पाठवलं, असंही घडतं. मग नव्या कलमाच्या कमाल मर्यादेत, म्हणजे १० वर्षांत, शिक्षा बसते का हे बघायचं. तुमचं प्रकरण या दोन्हींत नाही.

म्हणजे निर्दोष सुटण्याची वाट अजिबात उरली नाही का? उच्च न्यायालयात नाही. सही झालेला निकाल त्याच न्यायालयाला बदलता येत नाही, फार तर लेखनातली चूक दुरुस्त करता येते. जुनं कलम ३६२, नवं ४०३. दोषसिद्धीला आव्हान द्यायचं तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करावी लागते. तिची मुदत ९० दिवसांची, आणि ती मोजायची उच्च न्यायालयाच्या निकालापासून. मुदत टळली असेल तर उशीर माफ करून मागता येतो, पण कारण खरं आणि कागदावर दिसणारं लागतं. शिक्षेचं काय होतं ते बघू म्हणून थांबलो, हे कारण मी देणार नाही, ते कमजोर आहे. माझं मत विचाराल तर ही याचिका करायची की नाही हा स्वतंत्र निर्णय आहे, स्वतंत्र वकिलाला पहिल्या अपिलाची कागदपत्रं दाखवून घ्यायचा. तो या अपिलात मिसळू नका. शिक्षेच्या अपिलात पन्नास पानं साक्षीदारांवर खर्च केली की न्यायमूर्ती पहिल्याच पाच मिनिटांत विचारतात, हे आमच्याच न्यायालयाने ठरवलेलं नाही का? तिथून पुढे शिक्षेवरचं बोलणं ऐकलं जातं, पण अर्ध्या कानाने.

आता शिक्षेच्या सुनावणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळं अपील तिच्यावर उभं राहतं. सेशन्स खटल्यात दोषी ठरवल्यावर लगेच शिक्षा सुनावून मोकळं होता येत नाही. आरोपीला शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे ते ऐकावं लागतं. हे जुन्या संहितेचं कलम २३५(२), नव्यातलं २५८(२). १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सांगितलं की ही सुनावणी नावापुरती नसते, दोन्ही बाजूंना त्यासाठी पुरावा आणि कागद देण्याची संधी मिळाली पाहिजे. तिथे ती मिळाली नव्हती म्हणून शिक्षा रद्द करून प्रकरण सेशन्स कोर्टाकडे परत पाठवलं. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, आपल्याच राज्यातल्या दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयाने त्याला जोड दिली: दर वेळी परत पाठवलंच पाहिजे असं नाही, अपिलाचं न्यायालय स्वतः ती संधी देऊन शिक्षा ठरवू शकतं. हा दुसरा निकाल तुमच्या फार उपयोगाचा आहे. तुमचं प्रकरण एकदा परत येऊन गेलंय. आता उच्च न्यायालयाला विनंती अशी करायची की पुन्हा नाशिकला पाठवू नका, हे कागद घ्या आणि शिक्षा इथेच ठरवा. पुन्हा परत पाठवणं म्हणजे भावाची आणखी काही वर्षं तारखांत जाणं.

पहिल्या फेरीत काय झालं असेल याची कल्पना मला निकाल न वाचताही येते, कारण असे परिच्छेद मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. दोषी ठरवल्याचं सांगितलं, मग ‘आरोपीस शिक्षेबाबत विचारले. घरी वृद्ध आईवडील व लहान मुले असून तो एकटा कमावता असल्याचे सांगून त्याने दया दाखवण्याची विनंती केली. सरकारी वकिलांनी जास्तीत जास्त शिक्षेची मागणी केली.’ एवढं झालं की शिक्षा. माणसाच्या आयुष्यातली १० वर्षं तीन वाक्यांत ठरतात, आणि त्या वेळी आपण वकीलही बहुतेकदा उभं राहून ‘दया दाखवावी’ एवढंच म्हणतो. हे मला आजही फार लागतं. दोषी की निर्दोष यावर वर्षभर उलटतपासण्या चालतात आणि शिक्षेला एक दुपारही मिळत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत काय झालं, ते रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीवरून, तपासा. शिक्षेच्या आदेशाबरोबर प्रकरण परत आल्यापासूनच्या संपूर्ण रोजनाम्याची नक्कल मागा. किती तारखा झाल्या, भावाला प्रत्यक्ष कोर्टात आणलं की कारागृहातून व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) उभं केलं, त्याच्याशी वकिलाचं बोलणं होऊ दिलं का, कारागृहाचा अहवाल मागवला का, तुमच्या वकिलांनी कागदांची यादी दिली का, ती निशाणीला लागली, म्हणजे क्रमांक देऊन नोंदवून घेतली, का, हे सगळं त्यात दिसतं. मग आदेश वाचा आणि पेन्सिलने खुणा करा: तुम्ही दिलेल्या कागदांतल्या कशाकशाचा उल्लेख आदेशात आला आहे? आदेशाची अर्धी पानं पुन्हा घटनेचंच वर्णन करत असतील आणि मधल्या वर्षांबद्दल त्यात काहीच नसेल, तर अपिलाचा कणा मिळाला. कारण फेरशिक्षा ही जुन्या शिक्षेची झेरॉक्स नव्हे. तिने आजच्या माणसाकडे बघायचं असतं. दरम्यान न्यायाधीश बदललेले असतात, नव्या साहेबांनी साक्षीदार पाहिलेले नसतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण मग कागदावरची कारणं जास्त काटेकोर हवीत, हा युक्तिवाद करता येतो.

प्रत्यक्षात चालणारे मुद्दे सांगतो. आधी न चालणारा: प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडून द्या, ही विनंती इथे करू नका. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ४ लागत नाही, आणि कलम ३०७ मध्ये समोरच्याला इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. चांगली बाजू अशी की ३०७ ला किमान शिक्षा नाही. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत किंवा अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत कायद्यानेच किमान आकडा ठरवलेला असतो, त्याच्या खाली कोर्टाला उतरता येत नाही. तिथे शिक्षा किमान आकड्यावरच असेल तर तिच्यावरचं अपील जवळजवळ निरर्थक ठरतं. तुमच्याकडे मोकळीक आहे.

सहआरोपींशी तुलना हा वजनदार मुद्दा. तुम्ही लिहिता की सोबतच्या दोघांना ५ वर्षं झाली आणि ती तशीच राहिली. मग तुमच्या भावाची भूमिका त्यांच्याहून नेमकी किती जास्त होती, हे निकालातल्याच वाक्यांतून दाखवायचं. शस्त्र त्याच्या हातात होतं असं निकाल म्हणत असेल तर तो फरक मान्य करा आणि तीन वर्षांचं जास्तीचं अंतर का असू नये एवढंच मांडा. जखमा किती, कुठल्या अवयवावर, जखमी किती दिवस दवाखान्यात होता, कायमचं अपंगत्व आलं का, हे वैद्यकीय दाखल्यातून घ्यायचं. इथे दोषसिद्धीवर बोलायचं नाही, जखमेचं गांभीर्य शिक्षेच्या मापात कुठे बसतं तेवढंच बोलायचं. या दोन्हींतली सीमारेषा बारीक आहे आणि अनुभवी वकील ती सांभाळतो.

त्यानंतर तुरुंगातली वर्षं. कारागृह अधीक्षकांकडून नॉमिनल रोल, म्हणजे भोगलेल्या शिक्षेचा तपशीलवार उतारा, आणि वर्तणुकीचा दाखला मागवा. शिस्तभंगाची शिक्षा झाली नसेल तर ते स्पष्ट लिहून आलं पाहिजे. नाशिकरोडला सुतारकाम, विणकामासारखे विभाग आहेत, तिथे बंदी गणेशमूर्तीही घडवतात. भाऊ कुठल्या विभागात, केव्हापासून काम करतो, त्याला शिक्षेतून सूट म्हणून किती माफीचे दिवस मिळाले, हे त्या कागदात येतं. मुक्त विद्यापीठाची परीक्षा आतून दिली असेल तर गुणपत्रिका जोडा. फर्लो किंवा पॅरोलवर येऊन तो वेळेत परत हजर झाला असेल तर त्या तारखा जोडा. माणूस मोकळा असताना कसा वागतो याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही, आणि न्यायमूर्ती तो लक्षपूर्वक बघतात. २०१७ आधी आणि नंतर त्याच्यावर एकही गुन्हा नाही, जामिनावर असलेल्या तीन वर्षांत अट मोडली नाही, हेही लिहायचं.

घरची परिस्थिती शेवटी, आणि कागदासकट. ‘आई आजारी आहे’ या वाक्याला वजन नाही. सिव्हिल हॉस्पिटलचे केसपेपर, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, आणि सुटल्यावर कामाला घेतो असं लिहून देणाऱ्या वर्कशॉप मालकाचं प्रतिज्ञापत्र याला आहे. सेशन्स कोर्टात यातलं काही द्यायचं राहिलं असेल तर अपिलाच्या न्यायालयाला जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे. जुनं कलम ३९१, नवं ४३२. वेगळा अर्ज करून ते द्या, नुसतं मेमोला टाचून नको.

जखमी माणसाबद्दल जरा थांबून लिहितो. ३०७ तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. तरीही फिर्यादीने मनापासून समेट केला असेल, नुकसानभरपाई स्वीकारली असेल, तर शिक्षा ठरवताना ते विचारात घेतलं जातं. पण कृपा करून चार नातेवाईक घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. त्या माणसाने वार सोसले आहेत, त्याच्याही घरात या सगळ्याची झळ बसली आहे. शिवाय दबाव आणल्याची तक्रार झाली तर भावाची चांगली वर्तणूक कागदावरून पुसली जाते. भरपाई द्यायची तयारी असेल तर वकिलामार्फत न्यायालयातच तसं म्हणा आणि रक्कम न्यायालयात भरा. त्याने ती घेतली नाही तरी तुमची तयारी नोंदली जाते.

शिक्षा वाढण्याची भीती तुम्ही दोनदा लिहिली आहे. आरोपीने केलेल्या अपिलात न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, तिचं स्वरूप बदलू शकतं, पण वाढवू शकत नाही, हे जुन्या कलम ३८६ मध्ये, आता ४२७ मध्ये, सरळ शब्दांत लिहिलेलं आहे. वाढ हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, कलम ४१८ खाली. अशा अपिलाची नोटीस तुम्हाला येते, बाजू मांडायची संधी मिळते, आणि त्याला उत्तर देताना आरोपी निर्दोष सोडण्याची किंवा शिक्षा कमी करण्याचीही मागणी करू शकतो. फिर्यादीला शिक्षा कमी झाली म्हणून अपील करता येत नाही. आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तरच त्याला तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. उच्च न्यायालयांनी आरोपीच्याच अपिलात आपणहून शिक्षा वाढवण्याचा रस्ता काही वेळा धरला होता, त्यालाही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अटकाव केला: सरकारचं किंवा फिर्यादीचं काहीही दाखल नसताना अपील करणाऱ्याला अपील केल्याबद्दल जास्त शिक्षा भोगायला लावता येत नाही. तेव्हा तुमच्या वकिलांनी आधी एक गोष्ट तपासावी: १० ची ८ झाली म्हणून सरकारने अपील केलं आहे का? केलं नसेल तर या भीतीपायी अपील थांबवू नका.

याच तत्त्वाची दुसरी बाजू, तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी: आरोपीच्या अपिलावरून प्रकरण शिक्षेपुरतं परत आलं आणि खालच्या कोर्टाने पहिल्यापेक्षा जास्त शिक्षा दिली, तर अपिलात तो मुद्दा सर्वांत वर घ्या.

आता दिवसांचा हिशेब. भाऊ अटकेनंतर ७ महिने आत होता आणि फेब्रुवारी २०२१ पासून आत आहे. पहिली शिक्षा रद्द झाली म्हणून ती भोगलेली वर्षं वाया जात नाहीत, ती नव्या ८ वर्षांतून वजा होतात. सुरुवातीचे ७ महिनेही वजा होतात. कच्च्या, म्हणजे निकालाआधीच्या, कैदेची ही वजावट जुन्या कलम ४२८ ची, आता ४६८ ची. पण कारागृहातला कारकून चालतो तो कोर्टाच्या वॉरंटवर. नव्या वॉरंटमध्ये सेट-ऑफच्या, म्हणजे वजावटीच्या, रकान्यात दोन्ही कालावधी तारखांसकट आले आहेत का, हे मुलाखतीच्या वेळी भावाला बघायला सांगा किंवा वकिलांना कारागृहात चौकशी करायला लावा. एक कालावधी सुटला असेल तर त्यासाठी अपिलाची वाट बघायची गरज नाही, सेशन्स कोर्टात साधा अर्ज देऊन दुरुस्त वॉरंट मागता येतं. हा अर्ज या आठवड्यात करण्यासारखा आहे.

हा हिशेब मांडला की जामिनाच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. अपील दाखल झाल्यावर शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो, कलम ४३०, पूर्वीचं ३८९. जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्याच तारखेला आदेश होईल असं धरू नका. मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं आहे. एरवी आम्ही अशा अर्जात दोषसिद्धी टिकणार नाही असं म्हणतो. तुम्हाला ते म्हणता येणार नाही. तुमचा मुद्दा एकच आणि तो पुरेसा मजबूत आहे: ८ वर्षांतली निम्म्याहून बरीच जास्त शिक्षा भोगून झाली आहे, माफीचे दिवस धरले तर उरलेला काळ आणखी आक्रसतो, आणि उच्च न्यायालयातला अपिलांचा ढीग पाहता सुनावणी लागेपर्यंत शिक्षाच संपून जाईल, मग अपील जिंकूनही हाती काही लागणार नाही. सोबत दुसरी विनंती जोडा: स्थगिती देणार नसाल तर शिक्षेपुरतं अपील लवकर अंतिम सुनावणीला घ्या, वाचायला फार नाही, फेरसुनावणीचा रोजनामा आणि दोन आदेश आहेत. माझा कल या दुसऱ्या विनंतीकडे जास्त आहे. एवढ्या छोट्या मुद्द्याचं अपील ऐकायला न्यायालय तयार होतं, आणि मग मागायचं ते ‘अंडरगोन’, म्हणजे आजवर भोगली तेवढीच शिक्षा पुरेशी धरून मोकळं करा. ते नाही मिळालं तर निदान सहआरोपींच्या जवळ आणा.

दाखल करण्याबद्दल. नाशिक जिल्ह्याची अपिलं मुंबईलाच, फोर्टातल्या मुख्य पीठाकडे जातात. धुळे-जळगाव-नगरकडच्या लोकांचं ऐकून औरंगाबाद खंडपीठाकडे जाऊ नका. ८ वर्षांच्या शिक्षेचं अपील एका न्यायमूर्तींपुढे लागतं. पंचवटी एक्स्प्रेसने प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची गरज नाही, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) आणि आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत कोर्टाने लगेच आणि विनामूल्य द्यायची असते, ती भावाला मिळाली असेल. तरी सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात सही-शिक्क्याच्या प्रतीसाठी अर्ज द्या आणि अर्जाची तारीख जपून ठेवा, मुदत मोजताना ती लागते. वकीलपत्रावर भावाची सही कारागृह अधिकाऱ्यांसमोर होते, त्यात काही दिवस जातात, म्हणून ते आधी पाठवा.

एक गोष्ट नक्की विचारा: भावाने आतून आधीच अपील पाठवलं आहे का? बंद्याला कारागृह अधीक्षकांमार्फत थेट अपील करता येतं, आणि बरेच जण शेजारच्या बंद्याच्या सल्ल्याने ते करून टाकतात, घरी सांगत नाहीत. मग एका आदेशावर दोन अपिलं होतात. एकात विधी सेवा समितीने वकील नेमलेला असतो, दुसऱ्यात तुम्ही, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. तुरुंगातलं अपील आधी निकाली निघालं तर तुमचं अडचणीत येऊ शकतं. ते गेलं असेल तर नवं दाखल करण्याऐवजी त्याच क्रमांकात तुमच्या वकिलांचं वकीलपत्र घाला आणि जादा मुद्दे जोडा.

पैशाची अडचण असेल तर संकोच करू नका. कोठडीत असलेल्या कुणालाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, तो मुंबईच्या उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जातो. नेमलेल्या वकिलांना भेटून वर सांगितलेले कागद स्वतः नेऊन द्या. फाइलमध्ये वर्तणुकीचा दाखला असणं आणि नसणं यात मोठा फरक पडतो, मग वकील खासगी असो की नेमलेला.

ज्यांची शिक्षा मॅजिस्ट्रेट कोर्टाने दिलेली आहे, उदाहरणार्थ चेक बाउन्सच्या प्रकरणात, त्यांचं अपील नाशिकच्याच सेशन्स कोर्टात जातं आणि मुदत ३० दिवसांची असते. वरचे ६० दिवस त्यांच्यासाठी नाहीत.

राहिला दंड. २५,००० रुपये भरायचे की अपिलाची वाट बघायची? तुम्हाला झेपत असेल तर भरा. दंड न भरल्याबद्दलचे ६ महिने मूळ शिक्षा संपल्यावर वेगळे भोगावे लागतात, आणि कच्च्या कैदेची वजावट या ६ महिन्यांना लागू होत नाही. दंड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही, पुढे दंड रद्द किंवा कमी झाला तर ती रक्कम परत मागता येते. सगळी रक्कम जमत नसेल तर जमेल तेवढी भरा, त्या प्रमाणात दिवस कमी होतात. भरल्याची पावती आणि तिची एक प्रत कारागृहात पोचती करा, नाहीतर रजिस्टरला दंड बाकीच दिसत राहतो.